शेतकऱ्याच्या घरातला पब

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यात ब्रेटफर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या ‘फ्लीस इन’ या पबात गेलं, की चुलीसमोरच्या दगडी फरशीवर पांढरे गोल काढलेले दिसतात. खडूचे गोल. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ते पुसट होतात, मग कुणीतरी खाली बसून पुन्हा गिरवतं. आपल्या उंबऱ्यापुढची रांगोळी येणाऱ्याच्या स्वागताला असते. हे गोल मात्र कुणीतरी येऊ नये म्हणून काढलेले आहेत. ती येणारी म्हणजे चेटकीण, आणि तिची वाट दारातून नसून वरून, धुराड्यातून आहे. रात्री चूल निवली की ती त्या काळ्या बोगद्यातून खाली उतरते आणि फरशीवर पाय टेकते तोच गोलात अडकते, अशी जुनी समजूत.

हे गोल घरासाठी आहेत. घरातली मुलं, माणसं, गोठ्यातली जनावरं, डेऱ्यातलं दूध यांना कुणाची नजर लागू नये म्हणून एखाद्या गृहिणीनं करावा तसा हा बंदोबस्त. फ्लीस हा पब समजून घ्यायचा तर या गोलांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ही वास्तू पब म्हणून कधी बांधलीच गेली नाही. सुमारे सहाशे वर्षांपैकी पहिली सव्वाचारशेहून अधिक वर्षं ते एका शेतकरी कुटुंबाचं राहतं घर होतं. इंग्रजीत पबचं पूर्ण नाव ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे लोकांसाठी उघडलेलं घर. फ्लीसमध्ये त्या नावातलं ‘घर’ अजून जागेवर आहे, आणि मला तिथली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

घर उभं राहिलं ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. ब्रेटफर्टन ईव्हशमच्या खोऱ्यात येतं. एव्हन नदीचा हा सुपीक पट्टा तेव्हा ईव्हशमच्या मोठ्या मठाच्या ताब्यात होता, आणि ब्रेटफर्टनही मठाच्याच जमिनींपैकी एक. अशा मठाच्या गावातल्या एका शेतकऱ्याला, बर्ड आडनावाच्या कुटुंबाला, शतकानुशतकं टिकेल असं ओकचं घर बांधायची ऐपत कुठून आली? उत्तर एका भयंकर घटनेत आहे. १३४८ आणि १३४९ या दोन वर्षांत प्लेगच्या साथीनं इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नेली. गावंच्या गावं ओस पडली. जे जगले त्यांच्या श्रमाला एकदम किंमत आली. मजुरी पूर्वीच्याच दरात बांधून ठेवायला १३५१ मध्ये कायदा झाला, पण माणसंच कमी म्हटल्यावर कायदा किती दिवस पुरणार? पडीक जमिनी स्वस्तात कसायला मिळू लागल्या. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत खाऊनपिऊन सुखी असा शेतकरी वर्ग तयार झाला आणि त्यानं घरं बांधली. इंग्लंडच्या मध्यभागात आणि पश्चिमेत अजून उभी असलेली शेतकऱ्यांची लाकडी घरं पाहिली, तर त्यांतली कितीतरी याच काळातली निघतात.

हे घर लांबट. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जनावरं, वर एकच छप्पर. इंग्रजीत अशा घराला ‘लाँगहाऊस’ म्हणतात. कोकणात किंवा मावळात ज्यांनी जुनी घरं पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. थंडीत गाईबैलांच्या अंगची ऊब घरभर फिरे आणि रात्री एखादं जनावर अस्वस्थ झालं तर अंथरुणातूनच कळे. अशा घरांत बहुधा मधोमध आडवा बोळ असे. त्याच्या एका अंगाला राहती जागा, दुसऱ्या अंगाला गोठा. गोठ्याची जमीन जरा उतरती ठेवत, म्हणजे मूत बाहेर वाहून जाई. वास्तुविशारद वगैरे कुणी नव्हतं. गावचा सुतार आणि घरधनी यांनी मिळून ठरवलेलं ते घर.

सुतारकामाकडे मात्र जवळून पाहायला हवं. ओकचं झाड तोडलं, की लाकूड वाळवत ठेवत नसत. ओलं असतानाच कापत. ओला ओक पटाशीला लवकर दाद देतो. एकदा वाळला की तो असा घट्ट होतो की हत्यार बोथटतं. खांब, तुळया, वासे आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवे मांडायचे. एकाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची. प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यासारख्या रेघा ओढून खूण करायची, म्हणजे कुठली जीभ कुठल्या खाचेत जाते यात घोटाळा नको. मग सगळं सुटं करून गाडीनं जागेवर न्यायचं आणि गावातल्या माणसांना हाक मारून सांगाडा उभा करायचा. जुन्या घरांच्या तुळयांवर या खुणा आजही बोटाला लागतात.

सांधा पक्का करायला लोखंडी खिळा वापरत नसत. ओकचीच खुंटी मारत, आणि त्यात एक युक्ती होती. खाचेच्या लाकडातलं भोक आणि जिभेतलं भोक मुद्दाम नेमकं समोरासमोर पाडत नसत, किंचित चुकवत. खुंटी ठोकली की ती त्या चुकलेल्या वाटेनं वाकत आत शिरते आणि जिभेला खाचेत ओढून घेते. पुढे वर्षानुवर्षं लाकूड वाळत जातं, आक्रसतं, पिळवटतं, आणि सांधा आणखी आवळत जातो. या घरांच्या भिंती कललेल्या, तुळया कमानीसारख्या वाकलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, घर पडायला आलं. प्रत्यक्षात ती ओल्या लाकडाची वाळतानाची हालचाल असते. पुष्कळदा ती पहिल्या काही वर्षांतच होऊन गेलेली असते आणि पुढे शतकं जातात तरी घर तिथेच थांबलेलं असतं.

खांबांमधली जागा कुडानं भरायची. उभ्या काठ्या, त्यांत आडव्या विणलेल्या कामट्या, वर चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गिलावा, शेवटी चुन्याचा हात. कूड हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्यात या भिंतीचं वर्णन करताना मला कुठे अडायला होत नाही. कुडाचा गुण असा, की तो ओल धरतो तशी सोडतोही. त्यामुळे शेजारचा ओक कुजत नाही. विसाव्या शतकात कितीतरी जुन्या घरांच्या भिंतींना लोकांनी चांगल्या हेतूनं सिमेंटचा गिलावा दिला. ओल आत कोंडली आणि पाचशे वर्षं टिकलेले खांब काही दशकांत आतून भुसभुशीत झाले.

आणि तो प्रसिद्ध काळा-पांढरा रंग? इंग्लिश गावाच्या चित्रात लाकूड काळंकुळीत आणि भिंत पांढरीशुभ्र असते. मात्र हा ठसठशीत विरोध बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या आवडीनं आणला. त्याआधी ओक रंगवल्यावाचून सोडून देत. उन्हापावसात तो रुपेरी करडा होई. भिंतींना चुना, कधी त्यात पिवळसर माती मिसळलेली. अशा रंगात ही घरं आजूबाजूच्या शेतांतून उगवल्यासारखी दिसत असतील.

धुराड्याची गोष्ट नंतरची. मुळात अशा घरांत चूल जमिनीच्या मधोमध असे. खोली थेट आढ्यापर्यंत उघडी. धूर वर जाऊन छपरातून वाट काढी आणि वासे काजळीनं काळे होत. सोळाव्या शतकात विटा आणि दगडाची धुराडी साध्या घरांतही आली. विल्यम हॅरिसन या पाद्र्यानं १५७७ मध्ये इंग्लंडचं वर्णन लिहिलं. त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीतले मोठे वाटणारे जे बदल होते, त्यांतला एक म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. धूर भिंतीतून बाहेर जाऊ लागला तशी वरची हवा मोकळी झाली. मग मध्ये पाटण घालून माडी करता आली, निजायला वेगळी खोली झाली, खाली बसायला वेगळी. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानं १९५३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात साधारण १५७० ते १६४० या काळातल्या या उलथापालथीला ‘महान पुनर्बांधणी’ असं नाव दिलं. नंतरच्या अभ्यासकांनी तारखांवरून त्याच्याशी वाद घातले. बदल झाला हे मात्र कुणी नाकारत नाही.

धुराडं आलं आणि घराला वरून एक उघडं तोंड मिळालं. दार लावता येतं, खिडकीला फळी बसवता येते, पण धुराडं बंद करता येत नाही. त्याच काळात चेटकाच्या भीतीनं देश पछाडलेला होता. चेटकाविरुद्ध कायदे १५६३ आणि १६०४ मध्ये झाले आणि ते रद्द व्हायला १७३६ साल उजाडावं लागलं. दरम्यान कित्येक गरीब, एकट्या, म्हाताऱ्या बायका फासावर गेल्या. १६४५ ते १६४७ या दोन-अडीच वर्षांत पूर्व इंग्लंडात चेटकिणी हुडकत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सनं घातलेला धुमाकूळ आठवला, की हे खडूचे गोल नुसते गोजिरे वाटत नाहीत. अशा खुणा इंग्लंडभर जुन्या घरांच्या चुलींवर, दारांच्या चौकटींवर सापडतात. कुठे कंपासनं कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल, कुठे एकमेकांत गुंतलेली अक्षरं, कुठे मेणबत्तीच्या ज्योतीनं मुद्दाम पाडलेला थेंबाच्या आकाराचा डाग. कोरलेलं आपोआप टिकतं. खडूचा गोल टिकायचा तर दर पिढीत कुणाला तरी वाकावं लागतं. म्हणून फ्लीसमधले गोल मला या सगळ्यांत वेगळे वाटतात.

घरातल्या दुसऱ्या एका ठेव्यालाही गोष्ट चिकटलेली आहे. ओकच्या मोठ्या मांडणीवर सतराव्या शतकातली प्यूटरची ताटं-थाळे ओळीनं लावलेले आहेत. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, ज्यानं आपल्याकडे भांड्यांना कल्हई करत तेच. गावात सांगतात, १६५१ च्या वूस्टरच्या लढाईला जाताना, राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्यानं सोन्याचांदीच्या बदल्यात ही भांडी इथे ठेवली. क्रॉमवेल त्या वर्षी ईव्हशमवरून गेला हे खरं. पण शेतकऱ्याच्या घरात सैन्याला देण्याइतकं सोनं होतं, हे पटत नाही. भांडी मात्र खरी आहेत, आणि त्यांच्या मंद करड्या झळाळीमुळे ती खोलीच ‘प्यूटर रूम’ म्हणून ओळखली जाते.

आता पबकडे. इंग्लिश गावात पेय घरीच होई. जवाला मोड आणून, भाजून, उकळून एल काढायचं हे बायकांचं काम. घरच्यापेक्षा जास्त झालं, की दारावर खांबाला झुडपाची डहाळी बांधायची. शेजाऱ्यांना कळे, आज इथे एल विकत मिळेल. एलहाऊसची सुरुवात एवढीच. पुढे सरकारचं लक्ष गेलं. १५५२ च्या कायद्यानं परवाना आला. १५७७ च्या गणतीत, मोजलेल्या परगण्यांत, एलहाऊसं १४ हजारांवर, मुक्कामाच्या खानावळी सोळाशेच्या आसपास आणि शहरांतली वाइनची टॅव्हर्नं तीनशेच्या घरात भरली. म्हणजे बहुसंख्य ठिकाणी लोक कुणाच्या तरी घरातच बसून पीत होते.

१८३० मध्ये पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारनं बिअरचा कायदा केला आणि परवान्याची अट जवळजवळ मोडीतच काढली. दोन गिनी भरा आणि आपल्या घरात बिअर विका. जिनसारखी कडक दारू नाही, फक्त बिअर. जिनचं व्यसन सुटावं आणि मोठ्या दारूवाल्यांची मक्तेदारी मोडावी, हा हेतू. हजारो घरांच्या पुढच्या खोल्या रातोरात बिअरहाऊस झाल्या. विधवा बाई, लोहार, छोटा शेतकरी, ज्याला जोडधंदा हवा त्यानं दार उघडलं. १८६९ मध्ये ही मोकळीक आवरती घेतली, पण तोवर गावच्या पबचं रूप ठरून गेलं होतं. भिंत पाडायची नाही, काही बांधायचं नाही, चुलीजवळ दोन बाकं वाढवायची.

याच काळात, १८४८ मध्ये, बर्ड घराण्यातल्या हेन्री बर्ड टॅपलिननं आपल्या घराचा पब केला. नाव ठेवलं ‘फ्लीस’, मेंढीच्या अंगावरून एकसंध उतरवलेली लोकर. ईव्हशमच्या खोऱ्यालगतच कॉट्सवल्डचे डोंगर आहेत आणि मध्ययुगात त्यांच्या मेंढ्यांच्या लोकरीवर अर्धं इंग्लंड श्रीमंत झालं होतं. खोल्या होत्या तशाच राहिल्या, बदलली फक्त त्यांची कामं. जिथे बिअर तयार होई ती खोली ‘ब्रूहाऊस’. कोठीची खोली ‘डगआउट’. आजही गिऱ्हाईक पेला घेऊन या खोलीतून त्या खोलीत जातं, तेव्हा ते एका घराच्या स्वयंपाकातून बैठकीत आणि बैठकीतून कोठीत फिरत असतं. आपल्याला ओळखीचा असलेला लांब काउंटर आणि त्यावरचे पंपाचे दांडे ही पबच्या इतिहासातली बरीच अलीकडची भर. जोसेफ ब्रामानं बिअरच्या पंपाचं पेटंट १७९७ मध्ये घेतलं. त्याआधी पिंपातून लोट्यात ओतून बिअर बाकापर्यंत आणून दिली जाई, घरी पाहुण्याला द्यावी तशी.

टॅपलिन घराण्यातली शेवटची मालकीण लोला टॅपलिन. अखेरची कितीतरी वर्षं तिनं हा पब एकटीनं चालवला. ती वर्षं गावच्या पबांसाठी फार वाईट होती. १९६० च्या आसपास मोठ्या ब्रुअरीजनी एकामागून एक पब विकत घेऊन आतल्या भिंती पाडल्या, छोट्या खोल्यांचा एक मोठा हॉल केला, बाकं जाऊन प्लास्टिकच्या गाद्या आल्या, पिंपातली जिवंत बिअर जाऊन गॅस भरलेली आली. हे सोसेना म्हणून १९७१ मध्ये काही बिअरप्रेमींनी ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू केली. पबची जुनी अंतरंगं जपण्याची यादी पुढे तिनंच केली, आणि त्या यादीत फ्लीस आहे. लोलाला मात्र कुठल्या चळवळीनं जागं करावं लागलं नाही. तिचं ते घर होतं. आईवडलांच्या, आजोबांच्या खुर्च्या जिथे होत्या तिथेच तिनं ठेवल्या. गोल पुसट झाले की पुन्हा काढले. पाकिटातल्या बटाट्याच्या काचऱ्या इथे विकायच्या नाहीत, हा तिचा दंडक सांगतात. पाकीट फोडल्याचा आवाज आणि फरशीवरचा चुरा तिला खपत नसे. हा हट्ट वाटेल, पण मला त्यात एका गृहिणीचा आपल्या ओसरीवरचा अधिकार दिसतो, आणि तो मला फार आवडतो.

लोला १९७७ मध्ये गेली. गावात सांगतात, आपल्या चुलीपुढे बसल्या जागीच. घर तिनं जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिलं होतं, आणि ते पब म्हणूनच, आहे तसं चालू राहावं अशी तिची इच्छा होती. ट्रस्टला जुनी घरं नवीन नव्हती. १८९५ मध्ये स्थापना झाल्यावर त्यानं विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनचं गवती छपराचं, लाकडी सांगाड्याचं पाद्र्याचं घर, किंमत १० पौंड. पण वाडा किंवा चर्च सांभाळणं वेगळं आणि रोज दुपारी दार उघडून बिअर ओतणारं घर सांभाळणं वेगळं. वस्तू काचेमागे ठेवल्या की त्या टिकतात, पण पब मरतो. ट्रस्टनं ताटं मांडणीवरच ठेवली आणि गिऱ्हाइकांना त्यांच्या शेजारी बसू दिलं.

२७ फेब्रुवारी २००४ ला घराला आग लागली. धुराड्यातून उडालेली ठिणगी गवती छपरात पडली. जाड गवताचं छप्पर भडकून एकदम जळत नाही. आग आत शिरते, आतल्या आत पसरत राहते आणि वरून पाणी मारलं तरी ते गवतावरून निथळून जातं, कारण पाणी निथळून जावं म्हणूनच ते तसं रचलेलं असतं. छपराचं आणि वरच्या मजल्याचं फार मोठं नुकसान झालं. खालच्या खोल्या, प्यूटर आणि जुनं सामान वाचलं. गोल ज्या वाटेवर पहारा देत होते, संकट त्याच वाटेनं आलं, पण उलट दिशेनं, आतून वर.

अशा आगीनंतर प्रश्न येतो, नवं लाकूड जुन्यासारखं रंगवून लपवायचं का? १८७७ मध्ये विल्यम मॉरिसनं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून इंग्लंडात याचं एक उत्तर रुळलेलं आहे. वाचेल ते जुनं जागेवर ठेवा. नवं घालाल तिथे जुन्या पद्धतीनं, चांगल्या हातानं घाला, पण ते जुनं असल्याचं सोंग आणू नका. जून २००५ मध्ये फ्लीसचं दार पुन्हा उघडलं. बर्ड कुटुंबाच्या सुतारानंतर सहा शतकांनी पुन्हा सुतार या घराच्या डोक्यावर चढले होते.

ईव्हशमचं खोरं शतावरीच्या कोंबांसाठी प्रसिद्ध आहे. इंग्रजीत ॲस्परॅगस, खोऱ्यातल्या बोलीत नुसतं ‘ग्रास’. हंगाम छोटा, २३ एप्रिलच्या सेंट जॉर्ज डेपासून २१ जूनपर्यंत. मेच्या अखेरच्या रविवारी फ्लीसच्या आवारात कोंबांच्या जुड्यांचा लिलाव होतो. जुडी शंभराची म्हणायची, मोजायचे एकशेवीस. हा इथला जुना हिशेब. बँड वाजतो, बोली चढते. पाऊस आलाच तर माणसं जुड्या छातीशी धरून आत शिरतात आणि चुलीजवळची बाकं भरून जातात. कुणाच्या तरी ओल्या बुटाखाली खडूचा एक गोल पुन्हा अर्धा पुसला जातो.